पडलं तर वीतभरच पडावं

संपादकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "मिस्त्री, चाळीस वर्षं लोखंडात गेली तुमची. चार गमतीदार गिऱ्हाइकं आठवा आणि लिहून द्या. हलकंफुलकं." मी हो म्हणालो होतो. झरीत दुकान असलेल्या माणसाला गमतीदार गिऱ्हाइकांचा तोटा नाही. पिंगळीहून एक गुरुजी आले होते. त्यांना खिडकीला अशी जाळी पाहिजे होती की चिमणी आत यावी आणि माकड बाहेर राहावं. करून दिली. चिमणी काही फिरकली नाही, माकडाचं पिल्लू मात्र रोज आत जायचं आणि त्याची आई बाहेरून गुरुजींवर दात विचकायची. दुसऱ्या एकाला शेजाऱ्यापेक्षा हातभर उंच गेट पाहिजे होतं. ते झालं, तर महिन्याभरात शेजारी आला, त्याला त्याहून हातभर उंच. शेवटी दोन्ही गेटं इतकी जड झाली की दोघांच्याही बायकांना ती उघडेनात.

असं पानभर लिहिलं आणि फाडून टाकलं. गेल्या पंधरा दिवसांपासून माझ्या हातून हलकंफुलकं काही होत नाही. मला राग आलाय. थोडा एका साहेबांचा, जास्त माझा स्वतःचा. म्हणून संपादकांनी माफी करावी. चाळीस वर्षांत केलेल्या हजार वस्तूंपैकी मी एकाच वस्तूबद्दल लिहिणार आहे. लेकराची झोळी बांधायची, घडी होणारी, बुटकी घोडी. घोडी म्हणजे आमच्या धंद्यात कुठलीही वस्तू टेकवायला किंवा टांगायला केलेला स्टँड.

ती मागायला गयाबाई आली होती, मागल्या वर्षी, गणपती उठल्यावर. गयाबाई चारठाण्याच्या पलीकडच्या वाडीची. साठीला टेकलेली, माझ्याच वयाची. बावीस वर्षं ऊस तोडायला जाते. तिच्या घराचं दार मी केलं होतं, तेवढीच ओळख. सोबत सून मनीषा होती आणि सुनेच्या कडेवर चार महिन्यांची नात, परी.

"मिस्त्री, लेकराची झोळी बांधायला घोडी करून द्या," गयाबाई म्हणाली. "घडी झाली पाहिजे. ट्रॉलीत भांड्याच्या खाली सपाट बसली पाहिजे. अन् लय उंच नको."

"किती उंच?"

ती खाली बसली. हाताची वीत जमिनीला टेकवून म्हणाली, "झोळीच्या बुडाखाली इतकं. बास."

ज्यांनी ऊस फक्त रसाच्या ग्लासात बघितलाय त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडची माणसं दसऱ्या-दिवाळीला संसार ट्रॉलीत घालून कारखान्याच्या मुलखात जातात आणि पाच-सहा महिने तिथंच राहतात. राहायला कोपी असते, म्हणजे बांबू वाकवून त्यावर चटई किंवा ताडपत्री टाकलेलं खोपट. घरी झोळी आढ्याला टांगता येते. कोपीचा बांबू झोळीचं वजन घेत नाही. फडात तर सगळा ऊसच, झाड असलं तर बांधाला एखादं. आई-बाप दोघंही कोयता घेऊन उसात. लेकरू ठेवायचं कुठं? पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यावर. पाचट अंगाला कापतं, खाली ओल असते, मुंग्या असतात, विंचू असतो. आणि पाचटात झोपलेलं लेकरू लांबून दिसत नाही. फडात ट्रॅक्टर मागं-पुढं होत असतात. ह्यापेक्षा जास्त मी लिहीत नाही. आमच्या तालुक्यात ज्यांना हे माहीत आहे त्यांना ते फार चांगलं माहीत आहे.

मी म्हणालो, "बाई, वीतभर कशाला? कमरेएवढी करतो. लेकराला उचलायला वाकायला नको."

"आमी दिवसभर वाकलेलोच असतो मिस्त्री. अजून एकदा वाकलं तर काय होतंय? तुमी असं बघा, लेकरू पडलं तर किती वरून पडंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणालो, "माझं काम पडत नसतं."

"तुमचं काम न पडू द्या," ती शांतपणे म्हणाली. "लेकरू पडतंच की."

मनीषा तोंडाला पदर लावून हसली. मी वही काढली आणि मापं लिहायला लागलो. मनात म्हणत होतो, मला शिकवायलीय.

आता ही वस्तू वाटते तेवढी सोपी का नाही, ते सांगतो. आढ्याची झोळी सैल असते. सैल झोळीचं वजन सरळ खाली जातं, आढ्याला ते काहीच नाही. पण जमिनीपासून वीतभर वर आणि घोडी गुडघ्याएवढी, म्हटल्यावर झोळीला खाली लोंबायला जागाच उरत नाही. ती ताणून बांधावी लागते. आणि ताणलेल्या कापडाची गंमत अशी की त्याचं वजन खाली कमी आणि आडवं जास्त जातं. घरी करून बघा. दोघांनी एक दोर दोन टोकांना धरा, मधे भरलेली कळशी अडकवा. दोर सैल असेल तर शाळेतली पोरंही धरतील. तोच दोर ताणून सरळ करायला जा. दोन पैलवान असले तरी सरळ होणार नाही, उलट कळशीच दोघांना एकमेकांकडं ओढील. सात-आठ किलोचं लेकरू ताणलेल्या झोळीत निजलं की घोडीच्या दोन्ही पायांना ते असंच आत ओढत असतं.

त्यात घडी पाहिजे. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त जोर यायचा नेमक्या तिथंच सांधा. मी बुडाला एक लांब दांडी घेतली, तिच्या दोन टोकांना बिजागरीवर दोन पाय, पायांना खाली आडवी पट्टी म्हणजे बाजूला कलंडायला नको. पाय आतल्या बाजूला, दांडीवर निजायचे. उभे केले की आरपार भोकात पिन घालायची. घडी केल्यावर जाडी चार बोटं. भांड्याच्या खाली काय, गोधडीच्या खालीसुद्धा बसली असती. मी इतका खूश होतो की लोकांना बोलावून घडी घालून दाखवत होतो.

न्यायला त्या आल्या तेव्हा मनीषानं तिचं जुनं सुती लुगडं आणलं होतं. गयाबाईनं ते दुहेरी करून, पिळून, गाठी मारून ताणून बांधलं. तशी गाठ मला अजून मारता येत नाही. आता वजन घालून बघायचं होतं. माझ्याकडं दहा किलोचं वजनाचं लोखंड होतं, ते उचललं.

गयाबाई आडवी आली. "लेकराच्या झोळीत धोंडा घालता?"

"धोंडा कुठंय? लोखंड हाय."

"एकच हाय ते. पोटच्या लेकराच्या जागी धोंडा घालत न्हाईत."

बरं, म्हणून मी लोखंड ठेवलं आणि झोळीला नुसताच झोका द्यायला गेलो, तर ती दुसऱ्यांदा आडवी आली. "रिकामी झोळी हलवू नका!"

रिकामा पाळणा हलवू नये, हे आपल्याकडं सगळ्यांनाच माहीत. माझी आईही हलवू द्यायची नाही. मी असलं काही मानत नाही, पण त्या वेळी वाद घातला नाही. ऐकलं ते तिचा मान म्हणून नाही, हे खरं सांगून टाकतो. समोर अर्ध्यावर राहिलेलं एक गेट होतं, त्याचा मालक येऊन बसला होता आणि मला माझ्या कामाची खात्री होती. मी दोन्ही हातांचे तळवे झोळीत ठेवून जोरात दाबलं. घोडी हलली नाही. "बघा," म्हणालो, "झालं." त्याच दिवशी फोनवर घोडीचा फोटो काढला, ‘ऊसतोड मायमाउलींसाठी आपली नवीन कल्पना’ असं वर लिहिलं आणि दिसेल त्या ग्रुपवर टाकला. शंभर जणांनी अंगठे पाठवले. त्या अंगठ्यांचं काय झालं ते पुढं येईलच.

थंडी पडायला लागली तेव्हा गयाबाईचा फोन आला.

"मिस्त्री, घोडी बसली."

"बसली म्हणजे?"

"पिन निघाली. एक पाय आत मोडला. परी खाली आली."

मी हातातलं काम खाली ठेवलं. तीच म्हणाली, "घाबरू नका. वीतभर तर पडलं. खाली वाकळ टाकलेली होती. रडलं अन् गप झालं. मी पिन लुगड्याच्या काठानं बांधलीय. तुमाला सांगावं म्हणून फोन केला, दुसऱ्या कुणाला करून देताल म्हणून."

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मीही भांडलो असतो. पण ती भांडली नाही, आणि ते मला अजून सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी पिशवीत नट-बोल्ट, पाने आणि हातड्रिल घालून निघालो. परभणीहून रेल्वे, पुढं दोन एसट्या, मग उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत बसून फडात. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. उभ्या उसाच्या कडेला जिथं हातभर सावली होती तिथं माझी घोडी होती आणि तिच्यावर परी झोपली होती. दहा पावलांवर मनीषा ऊस तोडत होती. चार-पाच ऊस तोडले की तिची मान झोळीकडं वळायची. झोळीच्या खाली वाकळ अंथरलेली होती. ती पडल्यावर टाकलेली नव्हती, पहिल्या दिवसापासून होती. मी झरीत छाती काढून ‘माझं काम पडत नसतं’ म्हणत होतो, आणि इकडं गयाबाईनं ते पडणार हे धरूनच खाली वाकळ घातली होती.

"पडलं कसं, ते मला बघायचंय," मी म्हणालो. "पण वजन घालू देत न्हाई, हलवू देत न्हाई, मग बघू कसं?"

गयाबाईनं माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी शाळेत नापास झालोय. "ओटी भरताना काय घालतेत मिस्त्री? धोंडं घालतेत का? जोंधळं घाला की. दाणं असले म्हंजी झोळी रिकामी न्हाई."

"हे तवाच का न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं का?"

चाळीस वर्षांच्या धंद्यात मला एवढं कुणी झापलं नसेल. मी विचारलं नव्हतं. तिनं दोनदा ‘असं करू नका’ म्हटलं, आणि ‘मग कसं करू’ एवढे तीन शब्द मला तोंडातून काढता आले नव्हते. बाईमाणसाची अंधश्रद्धा म्हणून मी मनात हसलो होतो आणि त्याच अंधश्रद्धेच्या आड माझा आळस लपवला होता. धोंडा नको आणि रिकामी नको, एवढंच तिचं म्हणणं होतं. मधली जागा मोकळी होती. त्या जागेत जोंधळ्याचं गाठोडं सहज बसलं असतं.

परीला मनीषानं उठवून घेतलं. कोपीतून आणलेलं जोंधळ्याचं गाठोडं झोळीत घातलं, पिनला बांधलेला काठ सोडला, आणि गयाबाई झोके द्यायला बसली. मी पालथा पडून पिनकडं बघत होतो. दहा झोक्यांपर्यंत काही नाही. मग दिसलं. प्रत्येक झोक्याला पिन केसभर बाहेर सरकत होती, उंदीर बिळातून यावा तशी. साठ-सत्तर झोके झाले असतील, पिन गळून पडली आणि पाय आत मोडला. गाठोडं वीतभर खाली वाकळीवर आलं. गाठ सुटली नाही.

तिथं पाचटात पडल्या पडल्या मला माझी खरी चूक कळली. पिनला साखळी नव्हती, चाप नव्हता, ही लहान चूक. मोठी चूक अशी की जिकडं पायाची घडी होत होती तिकडंच झोळी त्याला ओढत होती. म्हणजे लेकराचं सगळं वजन एका पिनवर. लेकरू जितकं वाढणार तितकी घोडी मोडायला उतावीळ. शिकाऊ माणसालाही दिसायला पाहिजे होतं ते.

तात्पुरते नट-बोल्ट आवळून परत आलो आणि महिनाभर त्याच एका वस्तूमागं लागलो. नव्या घोडीचे पाय बाहेरच्या बाजूला पडतात. झोळी त्यांना आत ओढते, आत त्यांना अडवायला जाड अडणी आहे, त्यामुळं लेकरू जितकं जड तितका पाय घट्ट उभा. घडी लांब होऊ नये म्हणून बुडाची दांडी दोन तुकड्यांची केली, एक पाइप दुसऱ्यात जातो आणि झोळीची ओढ त्यांना अजून एकमेकांत ढकलते. पिन आहे, तिला साखळी आहे, पण ती नसली तरी घोडी उभी राहते. ऊसतोडीची टोळी परत आल्यावर गयाबाईला नवी घोडी दिली. जोंधळं घालून शंभर झोके दिले. तिनं खाली वीत लावून बघितली आणि काही बोलली नाही. तिचं काही न बोलणं हे मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट समजतो.

हे इथंच संपलं असतं तर मी खरंच हलकंफुलकं लिहिलं असतं.

ह्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर एका संस्थेचे साहेब दुकानात आले. नाव सांगत नाही, मोठ्या शहरातली आहे. चांगले बोलले. चहा प्याले. म्हणाले, "मिस्त्री, तुमचा फोटो आमच्यापर्यंत पोहोचला. आम्ही त्यावर काम केलं. ऊसतोड भगिनींना झोळीस्टँड वाटणार आहोत. मूळ कल्पना तुमची, म्हणून तुमचा सत्कार."

"कोणता फोटो?" मी विचारलं. त्यांनी फोन पुढं केला. तोच. जुन्या घोडीचा. शंभर अंगठ्यांचा.

मी तिथल्या तिथं नवी घोडी काढून दाखवली, जुनी कशी पडली ते सांगितलं. साहेबांनी मान हलवली. "आमच्या इंजिनिअरांनी सगळं बघितलंय. तुम्ही या फक्त." मी त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला. ठेवायला बरा वाटला म्हणून ठेवला.

परभणीतल्या सभागृहात सव्वीस घोड्या ओळीनं मांडल्या होत्या. निळ्या, चकचकीत, कमरेएवढ्या उंच. पुढच्या पायावर संस्थेच्या नावाची पितळी पाटी. मी स्टेजवर जाताना एकीला हात लावला. पाय आत मोडणारा. पिन उघडी. बोटानं ढकलली तर लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. माझीच चूक होती ती, जशीच्या तशी, फक्त रंग लावून आणि पाय लांब करून आली होती.

मी साहेबांच्या कानाशी गेलो. "साहेब, हे पडंल."

"टेस्टिंग झालंय मिस्त्री. पन्नास किलो ठेवून बघितलंय."

"हलवून बघितलं का?"

"त्यात हलवायचं काय?"

"अन् उंची का वाढवली?"

"अहो, पाटी दिसायला पाहिजे ना फोटोत. आणि एवढं खाली बरं दिसत नाही, गरिबीसारखं वाटतं. कार्यक्रम होऊ द्या, मग बोलू."

तेवढ्यात माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला आणि फोटोवाल्यानं "इकडे बघा" म्हटलं. मी इकडे बघितलं. माइक माझ्यापासून दोन हातांवर होता. मी उठून चार वाक्यं बोललो असतो तर काय झालं असतं? शाल काढून घेतली असती. पण मी बसून राहिलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत सव्वीस बाया एकेक करून आल्या, हसल्या, फोटो काढला आणि घोडी घेऊन गेल्या. त्यांत गयाबाई होती. मुकादमानं यादीत तिचं नाव घातलं होतं. घोडी घेताना तिनं पिन बघितली, मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर ती निळी घोडी खांद्यावर घेऊन दारात उभी. एवढ्या लांबून काळीपिवळीत बसून आलेली.

"तुमी तिथं गप का बसला?"

मी तिला बसायला स्टूल पुढं केलं.

"शाल लय जड होती का?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी कुणाला सांगणार? घोडी घेतली, कटर लावला आणि पाय कापले. पाटीसकट. बिजागरी उलटी करून पाय बाहेर पाडले, अडणी वेल्ड केली, दांडी मधे तोडून पाइपात पाइप घातला, पिनला साखळी लावली. गयाबाईनं लुगडं बांधलं, पदरातून आणलेलं जोंधळं घातलं, खाली वीत लावली.

"दोन बोटं जास्त हाय."

"दोन बोटांनी काय होतंय बाई?"

तिनं वीत तशीच लावून ठेवली. मी कटर परत चालू केला.

ती संध्याकाळपर्यंत फोनवर होती. तिच्या ओळखीच्या टोळ्यांत तिनं निरोप पोचवला. चार दिवस माझ्या दुकानापुढं बाया निळ्या घोड्या घेऊन येत होत्या, प्रत्येकीच्या पदरात जोंधळं. मी गेटं, ग्रिलं सगळी बाजूला ठेवली. एकेका घोडीला शंभर झोके. रस्त्यावरून जाणारे थांबून हसत होते, मिस्त्री म्हातारपणी जोंधळ्याला अंगाई म्हणायलाय म्हणून. म्हणू द्या. पितळी पाट्या लावलेले कापलेले पाय माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात पडलेत. भंगारवाला दोनदा विचारून गेला. मी देत नाही. ते साहेब परत चहाला आले तर त्यांना त्याच ढिगावर बसवायचं ठरवलंय.

सव्वीसपैकी तेवीस आल्या.

तीन आल्या नाहीत. त्या गयाबाईच्या ओळखीच्या नव्हत्या, दुसऱ्या तालुक्यातल्या, आणि त्यांच्या टोळ्या आधीच निघून गेल्या होत्या. मी साहेबांना फोन केला, म्हणालो, फक्त गावं सांगा, मी स्वतः जातो, माझ्या खर्चानं जातो. ते म्हणाले, "लाभार्थ्यांची माहिती गोपनीय असते मिस्त्री, देता येत नाही." त्या तिघींचे चेहरे त्यांनी लेकरांसकट चौकातल्या फ्लेक्सवर माणसाएवढे मोठे करून लावलेत. तेव्हा गोपनीय नव्हते. हसावं की रडावं कळत नाही, पण मला दोन्ही येत नाही, फक्त राग येतो. मी फ्लेक्सखाली उभा राहून तिघींचे चेहरे पाठ केले. एकीच्या कपाळावर हिरवं गोंदण आहे. एकीचं लेकरू जुळ्यांतलं असावं, दुसरं तिच्या सासूच्या कडेवर दिसतं. तिसरी फार लहान आहे, तिलाच कुणी झोळीत घालावं एवढी. तीन मुकादमांचे नंबर मिळवले. एक बंद आहे, दोघं म्हणतात आमच्यात अशी कुणी नाही.

म्हणून संपादकसाहेब, तुम्ही आठवणी मागितल्या, पण मला आठवण लिहायची नाही. हा अंक आमच्या परभणीत जितका वाचतात त्याहून जास्त खाली उसाच्या मुलखात वाचतात, असं तुम्हीच सांगितलं होतं. तेव्हा हे मी त्या बागायतदारांसाठी लिहितोय, ज्यांच्या ओसरीवर दिवाळीच्या फराळाशेजारी हा अंक पडला असेल आणि ज्यांच्या फडात आमची माणसं कोयता चालवत असतील.

फराळ झाल्यावर एकदा फडात जाऊन या. कमरेएवढी उंच, निळी, पितळी पाटीची घोडी दिसली आणि तिच्यात लेकरू असलं, तर आधी लेकरू उचलून घ्या. पिन दोरीनं आवळून बांधा, झोळी सैल सोडून जमिनीपासून वीतभर आणा, खाली वाकळ टाका. त्या बाईला सांगा की तिची काही चूक नाही, झरीच्या मिस्त्रीची आहे. ऊस तुटेपर्यंत लेकरू तुमच्या ओसरीवर झोपलं तर तुमची ओसरी काही झिजत नाही. आणि संपादकांकडं निरोप ठेवा.

माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली आहे. पाय कापायला मी येतो.